वजनाच्या वहीतला उजवा रकाना

लंबूने डावीकडून अडवायला सांगितलं आणि गोटी उजवीकडून धावला. आठ वर्षांच्या माणसाला डावं-उजवं कळतं, पण ते धावताना आठवेलच असं नाही. तरीही कोंबडी सापडली, कारण ती मुळात पळतच नव्हती. शेडच्या मागच्या भिंतीला पडलेल्या भोकातून ती बाहेर आली होती, चार पावलं चालली होती, आणि आता खाली बसून पुढे काय होतंय ते बघत होती.

गोटीने तिला उचललं आणि तो गोंधळून बहिणीकडे बघायला लागला.

"शंके, ही रिकामी आहे गं."

शंकेचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात ते कुणी वापरत नसे. बोलायला लागल्यापासून तिने जेवढे प्रश्न विचारले होते, तेवढी उत्तरं सगळ्या घरात मिळून नव्हती, म्हणून ती शंका. आता बारा वर्षांची झाली तरी साठा संपला नव्हता. तिने कोंबडी हातात घेतली. पिसांचा फुगारा तेवढा मोठा, आत जवळजवळ काही नाही. छातीचं हाड बोटांना लागलं ते असं, की त्याने भाजी चिरावी.

"लंबू, तुमच्या कोंबड्या एवढ्या हलक्या असतात?"

लंबूने खांदे उडवले. लंबू म्हणजे त्यांचा आतेभाऊ, सुट्टीत दोघं त्याच्याच घरी आली होती. तेरा वर्षांचा, पण दारातून जाताना मान वाकवणारा. पूर्वी तो इतका बोलायचा, की आतोबा म्हणायचे, ह्याला शेडमध्ये नेऊ नका, कोंबड्यांना आपलं आपलं काही बोलायला मिळत नाही. गेले आठ महिने तो खांदे उडवत होता.

आठ महिन्यांपूर्वी आतोबा गेले. चार वाजताचं खाद्य घालायला म्हणून शेडमध्ये गेले आणि तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या गेले. शंकेची तेव्हा परीक्षा होती. म्हणून तिला आठवडाभर कुणी सांगितलंच नाही. गणितात तिला चांगले गुण मिळाले, आणि त्याचा तिला अजून राग येत होता.

त्या कोंबडीचं नाव गोटीने 'पिशवी' ठेवलं आणि तिला शर्टात गुंडाळून पुढच्या दाराकडे नेलं. तिथे मंगळवारची वजनं चालली होती. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा वाजता, मुकादम तीस कोंबड्या पकडून त्यांची वजनं करायचे. छताला काटा टांगलेला, काट्याला बादली, बादलीत कोंबडी. मुकादम बावीस वर्षं आत्याकडे होते आणि त्यांनी एकही मंगळवार चुकवला नव्हता. स्वतःच्या लग्नाचा मंगळवारसुद्धा नाही, असं ते सांगत. लग्न दुपारी होतं.

"सोळाशे वीस," मुकादम म्हणाले. "सोळाशे पाच. सोळाशे चाळीस."

आत्या टेबलाशी बसून वहीत लिहीत होती. ती बोटाने ओळ धरून लिहायची, मान वर न करता.

गोटीने पिशवीला बादलीत ठेवलं. काटा अकराशे ऐंशी ग्रॅमवर थांबला.

मुकादमांनी पिशवीकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग दुसरीकडेच. "एखादी असते अशी," ते म्हणाले. "हजारात एक."

"पण मुकादमकाका, हजारातली नेमकी तीच बाहेर कशी आली?" शंकेने विचारलं.

मुकादमांना प्रश्न ऐकू आला नाही. बावीस वर्षांत त्यांनी ही कलाही साधली होती.

आत्याने वही मिटली. वही मिटताना ती जे बोलली, त्याने शंकेची शंका बाजूला पडली. येत्या सोमवारी ट्रक येणार होता. चौदाशेच्या चौदाशे कोंबड्या जाणार होत्या. खातात, वजनाला भरतात, पण अंडी निम्म्यावर आली, आणि रोज दोन-तीन मरतातही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वजनाची वही पाहून सांगितलं होतं, वजन ठीक आहे म्हणजे खाण्याचा दोष नाही, कळपच थकला असेल. शनिवारी त्या येऊन तसा कागद देणार होत्या. त्यानंतर आत्या शेडला कुलूप लावणार होती. नव्या कोंबड्या आणणार नव्हती.

लंबू बाहेर गेला. शंका त्याच्या मागे गेली. तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता.

"ह्या कोंबड्या बाबांनी आणलेल्या आहेत," तो म्हणाला. "शेवटच्या. एकेक हातात घेऊन आत सोडली होती. दिवसभर लागला. मी म्हटलं, क्रेट उलटा करा ना. तर म्हणाले, पाहुण्यांना कुणी दारातून ओततं का?"

आठ महिन्यांत तो सलग इतकं बोलला नसावा, कारण नंतर त्याला खोकला आला.

शंकेने तिथल्या तिथे ठरवलं, सोमवारपर्यंत छडा लावायचा. कसला, ते तिलाही माहीत नव्हतं. पण चौदाशे कोंबड्या वजनाला भरतात आणि अंडी देत नाहीत, आणि त्यांच्यातलीच एक भिंतीतून निघून येते ती रिकामी. ह्यात कुणीतरी खोटं बोलत होतं. एक तर काटा, एक तर वही, एक तर कोंबड्या.

गोटीचा संशय कोंबड्यांवर होता.

काट्याची परीक्षा सोपी होती. एक लिटर पाण्याची बाटली बादलीत ठेवली. काटा खरा निघाला. मग शंकेला लोकर आठवली. तिला बघायचं होतं, की मुकादम वजन करतात त्या तीस कोंबड्या असतात तरी कोण. त्या अजून पकडीच्या चौकटीतच होत्या. चौकट म्हणजे जाळीची घडीची भिंत, तिने दाराजवळचा कोपरा अडवला की आत सापडतील त्या तीस. तिघांनी प्रत्येकीच्या पायात लाल लोकरीचा सैलसा दोरा बांधला. लोकर गोटीच्या स्वेटरची होती. आईने विणलेला स्वेटर एका हातापासून उसवायला घेतला आणि तिसाव्या कोंबडीला तो कोपरापर्यंत आला.

"आई विचारेल," गोटी म्हणाला.

"सांगू, कोंबड्यांना गरज होती."

पिशवी त्यांच्याच खोलीत खोक्यात राहिली. ओलं खाद्य दिलं की दोन चोची मारायची आणि दमून डोळे मिटायची. गोटी तिच्याशी शाळेतल्या गोष्टी बोलायचा, आपल्या बाकावर कोण बसतो आणि तो कसा चावतो, वगैरे. शुक्रवारी सकाळी तो उठला तेव्हा ती खोक्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडली होती. गोटी रडला नाही. त्याने खोक्याचं झाकण लावलं, स्वेटरचा उरलेला हात त्यावर ठेवला आणि दाराकडे पाठ करून बसला. पाण्याच्या टाकीमागे खड्डा लंबूने खणला, लागेल त्याहून बराच खोल.

त्याच दिवशी दहा वाजता मुकादमांनी चौकट लावली, तीस पकडल्या. शंकेने मोजलं. तिसातल्या बावीस कोंबड्यांच्या पायात लाल लोकर होती.

तिला आधी हसू आलं. शेडमध्ये चौदाशे कोंबड्या, आणि आठवड्यातून दोनदा वजन होतं ते दारात ठाण मांडून बसलेल्या त्याच त्या पुढाऱ्यांचं! खाद्याची टाकी दाराजवळ. तिथून साखळी खाद्य ओढत पन्हळीतून पार मागच्या भिंतीपर्यंत न्यायची. टाकीशी बसणाऱ्या आधी जाडे जाडे दाणे वेचून घेत. पुढे पुढे जाईल ते पीठ. आणि शेवटी?

शेवटी काय होतं ते तिने किंवा गोटीने पाहिलंच नव्हतं. शेडच्या मध्यावर, आठव्या खांबाला, आडवी जाळी होती आणि जाळीत फाटक. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आत्याने बजावलं होतं, आठव्या खांबापलीकडे जायचं नाही, तिथली जमीन खराब आहे. अंडी पट्ट्यावरून आपोआप दाराशी येत. मुकादम भल्या पहाटे मेलेल्या तेवढ्या आणायला जात आणि लगेच परतत. आत्या तर सातव्या खांबालाच वळायची, जणू तिथे भिंत होती.

शंकेने वजनाची वही मागच्या पानांपासून चाळली. प्रत्येक पानावर दोन रकाने होते. डाव्यावर लिहिलं होतं 'दार', उजव्यावर 'मागे'. जुन्या पानांवर दोन्ही रकाने भरलेले. डावीकडचे आकडे आत्याच्या अक्षरात, बारीक आणि सरळ. उजवीकडचे जाड पेन्सिलने, वर चढत गेलेले. मग एका मंगळवारी उजव्या रकान्यात तीस आकडे होते, आणि त्यानंतर काहीच नव्हतं. पानामागून पान, डावीकडे आकडे आणि उजवीकडे कोरं.

तिने तारीख पाहिली. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवसाची होती.

"लंबू," तिने हळूच विचारलं, "मागची बाजू आतोबांची होती?"

लंबूने वहीकडे पाहिलं आणि मान हलवली. मागच्या अर्ध्या शेडचं सगळं आतोबा बघायचे. वजनं ते करायचे. तिथे पोचतं ते पीठ असतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून रोज चार वाजता तिथल्या टांगत्या भांड्यांत दोन बादल्या चांगलं खाद्य स्वतः घालायचे. दार मुकादमांचं, मागचं त्यांचं, असं बावीस वर्षांपूर्वी ठरलं होतं.

"मग आता कोण घालतं?"

ह्या वेळी लंबूने खांदे उडवले नाहीत. त्याने बाबांचे गमबूट बाहेर काढले. ते त्याला आता जवळजवळ येत होते. ते घालून तो निघाला.

फाटकाची कडी करकरत उघडली. पलीकडे जमीन अगदी चांगली होती. टांगती भांडी कोरडी, त्यांत कोळ्यांनी जाळी विणलेली. पन्हळीच्या तळाशी करडं पीठ. मागच्या भिंतीशी एक स्टूल, खिळ्याला लटकवलेला एक जुना काटा, आणि दोरीला बांधलेली जाड पेन्सिल. आणि सगळीकडे कोंबड्या, फिक्या तुऱ्यांच्या, अंगावरची पिसं विस्कटलेल्या. एक क्षण त्या नुसत्या बघत राहिल्या. मग सातशेच्या सातशे लंबूच्या दिशेने धावल्या. धावताना काही वाटेत बसल्या आणि परत उठून धावल्या.

कोंबड्या बूट ओळखतात का, असं शंकेने नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भूक कुणाच्याही बुटांमागे धावते. शंकेने ते मान्य केलं. लंबूने नाही.

"मला माहीत होतं," लंबू म्हणाला. तो त्या गर्दीत गुडघ्यांवर बसला होता. "चार वाजता भांडी भरायची असतात, हे मला माहीत होतं. मला वाटलं, आई बघत असेल."

"आणि आत्याला वाटलं मुकादम. आणि मुकादमांना…"

"पुरे गं," लंबू म्हणाला, आणि शंकेने त्या दिवसापुरतं पुरे केलं.

आता प्रश्न मोठ्या माणसांचा होता. नुसतं सांगून भागलं नसतं. आत्या ऐकून घेईल, बरं म्हणेल आणि सातव्या खांबाला वळेल. मुकादमांना ऐकूच येणार नाही. तेव्हा शंका म्हणाली, त्यांना जर तिकडे जाता येत नसेल, तर तिकडचं इकडे आणू.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मुकादम खाटेवर आडवे झाले. त्यांच्या झोपेवर घड्याळ लावता आलं असतं. तिघांनी मागच्या तीस कोंबड्या क्रेटमध्ये घातल्या, तीन खेपांत पुढे आणल्या आणि दाराजवळ चौकट लावून तिच्यात सोडल्या. दारच्या पुढाऱ्यांना गोटीने झाडूने मागे रेटलं. त्यांनी तक्रारी केल्या, पण गोटी त्या दिवशी कुणाचं ऐकत नव्हता.

चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या. कागदावर सही करायच्या आधी समोर एकदा वजनं करा, म्हणाल्या. मुकादम उठून आले, चौकट आयती लागलेली बघून खूश झाले, आणि पोरं अखेर कामाला लागली, असं म्हणाले. त्यांनी पहिली कोंबडी बादलीत ठेवली.

"बाराशे दहा," ते म्हणाले आणि थांबले.

दुसरी अकराशे नव्वद. तिसरी अकराशे साठ. मुकादमांनी काट्याला टिचकी मारली. शंकेने पाण्याची बाटली पुढे केली. एक हजार. बरोबर.

आत्याची पेन्सिल थांबली होती. ती उठली, चौथी कोंबडी तिने स्वतः उचलली आणि तिच्या छातीखालून अंगठा फिरवला. मग तिने ती खाली ठेवली नाही.

"ह्या कुठल्या?" तिने विचारलं.

काटा रिकामी बादली घेऊन हळूहळू फिरत होता.

"बाबांच्या बाजूच्या," लंबू म्हणाला.

मुकादमांनी डोक्यावरची टोपी काढली. ते बोलले ते कुणाकडेच न बघता.

"माझी बाजू मी कधी चुकवली नाही, ताई. एक दिवस नाही. तिकडे पहाटे जातो, पण मान वर करत नाही. मान वर केली की ते स्टूल दिसतं."

"मला माहीत आहे, मुकादम. तुमची तुम्ही चुकवली नाही," आत्या म्हणाली. "चुकली ती माझी." आणि ती कोंबडी हातात धरून, सगळ्यांच्या समोर, आठ महिन्यांनी पहिल्यांदा रडली. लंबू तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तो आता तिच्यापेक्षा उंच होता, हे दोघांच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी आणलेला कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. त्या म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. वही वाचून त्यांनी चौदाशे कोंबड्या तपासल्या, कोंबडी एकही हातात घेतली नाही. कळप थकलेला नाही, अर्धा उपाशी आहे. ट्रकला नको म्हणून सांगा, पण एक गोष्ट आधीच सांगते, सगळ्या वाचणार नाहीत.

त्यांनी लगेच विष्ठा तपासायला घेतली, जंत आहेत का ते बघायला, आणि मुलांना हाताने पारखायला शिकवलं. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवायची. मांस गोलसर भरलेलं लागलं तर ठीक. सपाट लागलं तर सावध. हाड सुरीसारखं वर आणि बाजूला खड्डे, तर ती वेगळी काढायची. मुलांनी रविवार आणि सोमवार मिळून मागच्या सातशे कोंबड्या एकेक करून हातात घेतल्या. एकशे नव्वद सुऱ्या निघाल्या. त्यांच्यासाठी जाळी लावून वेगळा कप्पा केला, जवळ जवळ भांडी ठेवली, म्हणजे कुणी कुणाला हुसकू नये. तिथे कोमट पाण्यात कालवलेलं खाद्य, एकदम ढीगभर नाही, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. साखळीच्या फेऱ्या वाढवल्या, आणि दुपारी एकदा पन्हळ पूर्ण रिकामी होऊ द्यायचं ठरलं, म्हणजे दारच्या पुढाऱ्यांनाही वेचण्याऐवजी पीठ खावं लागेल. पुढारी नाराज झाले. पुढाऱ्यांचं वजन दहा ग्रॅमने उतरलं आणि त्यांना काहीही झालं नाही.

चार वाजता टांगती भांडी भरायचं काम लंबूने कुणाला विचारून घेतलं नाही. तो गमबूट घालून जायचा, बस्स.

पहिल्या आठवड्यात एकवीस गेल्या. दुसऱ्यात अकरा. गोटी रोज सकाळी कप्प्याशी उभा राहून मोजायचा, आणि आकडा कमी आला की दिवसभर लंबूसारखा वागायचा, म्हणजे जुन्या लंबूसारखा नव्हे. तिसऱ्या आठवड्यात दोनच गेल्या. त्यानंतर एका सकाळी मागच्या बाजूच्या पट्ट्यावरून अंडी जरा जास्त आली. मुकादमांनी ती दोनदा मोजली, आकडा आत्याला सांगितला, आणि बरंच काम पडलंय असं म्हणून ते टाकीमागे जाऊन उभे राहिले.

बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या पायात निळी लोकर बांधायची असं ठरलं होतं. स्वेटरची पाठ निळी होती. सुट्टी संपली तेव्हा स्वेटरचा फक्त गळा उरला होता, आणि एकशे नव्वदांपैकी एकशे चौऱ्याण्णव कोंबड्यांच्या पायात निळी लोकर होती. हा हिशेब गोटीचा. खरा आकडा एकशे चौतीस होता. बाकीच्यांपैकी चौतीस टाकीमागे होत्या आणि बावीस अजून कप्प्यात, अजून हलक्या, अजून खात.

निघायचा दिवस मंगळवारचा होता. मुकादमांनी दारची तीस वजनं केली, आता मात्र कोपऱ्या-कोपऱ्यातून पकडून. आत्याने ती डाव्या रकान्यात लिहिली. मग दुपारी तीनच्या सुमाराला वही काखेत घेऊन ती उठली. सहावा खांब, सातवा खांब. सातव्याला ती थांबली. मुकादमांनी पुढे होऊन फाटकाच्या कडीला तेल आहे की नाही ते उगाचच पाहिलं. शंकेच्या तोंडात एक प्रश्न आला होता, तो तिने गिळला. तिच्या आयुष्यातला तो पहिलाच.

आत्या आत गेली. स्टुलाजवळ गेली, पदराने ते पुसलं आणि त्यावर बसली. खिळ्यावरचा जुना काटा लंबूने काढून दिला. तीस कोंबड्या तो एकेक करून देत गेला, गोटी त्या परत सोडत गेला. दोरीची जाड पेन्सिल घेऊन आत्या उजव्या रकान्यात लिहीत होती. चौदाशे ऐंशी. पंधराशे दहा. चौदाशे पस्तीस. हवं तेवढं अजून नव्हतं.

डॉक्टरीणबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी शंकेला सांगितलं, की शिकायला ये कधी माझ्याकडे, मला शंका विचारणारं माणूस लागतं, पूर्वी मीही विचारायचे. मुकादम त्यांच्या मागून म्हणाले, पोरं चांगली आहेत, फक्त स्वेटरपासून लांब ठेवा.

वही मिटण्याआधी शंकेने ती एकदा मागितली. आतोबांचा शेवटचा आकडा, वर चढत गेलेला. मग आठ महिन्यांची कोरी जागा. मग आजच्या तारखेपुढे, त्याच पेन्सिलने, आत्याचे बारीक, सरळ आकडे.

मधली पानं रेघ मारून बंद करायची का, असं मुकादमांनी विचारलं.

"नको," आत्या म्हणाली. "ती तशीच राहू द्या. तेवढं खरं आहे."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं आणि लंबूला म्हणाली, चार वाजत आले, बादल्या कुठे आहेत?